चाल कोणाची?



आपल्या नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्या सात वीरांचे गाणे आपल्याकडे लहान पोरालाही येते. गाणे कोणाचे म्हणून विचारले, तर उत्तर येते, "लताबाईंचे." वाचनाची आवड असलेली एखादी कुसुमाग्रजांचे नाव घेते. पण त्या शब्दांना चाल लावली हृदयनाथ मंगेशकरांनी, हे सांगणारी विरळाच. हे गाणे सिनेमातले नव्हे; पण सिनेमाच्या गाण्यांचीही गत हीच. पोळी वाढणारीचे कौतुक होते आणि पुरण शिजवणारी चुलीपाशीच राहते.

'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ साली आपल्या कोल्हापुरात तयार झाला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्रही तेच झाले होते. तारामती दुर्गाबाई खोटे. त्या वेळी नटनटी कॅमेऱ्यापुढेच गात असत. त्यामुळे ज्याला गायचे त्याचा गळा पाहूनच चाल बेतावी लागे. पुढे पार्श्वगायन आले आणि कोणत्या गाण्याला कोणता गळा शोभेल हे ठरवणे हीसुद्धा संगीतकाराची कला झाली.

या कलेत बायका नव्हत्या असे नाही. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमध्ये सरस्वतीदेवींनी 'अछूत कन्या' (१९३६) आणि इतर अनेक चित्रपटांना संगीत दिले. त्यांचे मूळ नाव खुर्शीद होमजी. पारशी घरातल्या बाईने सिनेमात जावे हे त्यांच्या समाजाला रुचले नाही, म्हणून नाव बदलावे लागले. काम स्वतःचे आणि नाव उसने!

लताबाईंच्या नावाची कथा तर याहून नवलाची. १९४२ साली वडील दीनानाथ गेले आणि त्या वयात घर चालवण्यासाठी त्यांना मास्टर विनायकांच्या कंपनीत कामे करावी लागली. कोल्हापूरशी त्यांचा ऋणानुबंध तेव्हापासूनचा. १९४९ साली 'महल'ची गाणी गाजली, पण रेकॉर्डवर गाणारीचे नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे! आवाज घरोघरी गेला आणि नाव मागे राहिले.

पुढे नाव एवढे मोठे झाले की त्यांनी ते स्वतःच झाकले. 'राम राम पाव्हणं'ला त्यांनी आपल्या नावाने संगीत दिले होते. पण भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटांचे संगीतकार 'आनंदघन'. हे नाव ऐकून कोणालाही पुरुषच वाटावा. कारणे काही का असेनात, मला यात एक धीटपणा दिसतो. लोकांनी चाल ऐकावी आणि चालीवरूनच निवाडा करावा. झालेही तसेच. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, तेव्हा आनंदघन म्हणजे कोण याचा सर्वांसमोर उलगडा झाला.

'साधी माणसं'ची गाणी आता या नजरेने ऐकून पाहा. जगदीश खेबुडकर यांचे 'ऐरणीच्या देवा' हे लोहाराच्या घरातले गाणे आहे. त्याची चाल हात कामात असतानाही म्हणता येते. ताना नाहीत, गळ्याला ओढ नाही. दळताना ओवी म्हणणाऱ्या बाईला ती परकी वाटणार नाही. त्याच चित्रपटात कान्होपात्रेचा अभंगही आहे, आणि तिथे तोच संगीतकार अगदी निराळा होतो. सूर संथ आहेत, जीव कासावीस झालेला आहे, पण आक्रोश कोठेही नाही. एवढ्या मोठ्या गायिकेला आपली गायकी दाखवण्याचा मोह झाला असता तर नवल नव्हते. तो त्यांनी आवरला, हे मला विशेष वाटते. 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये शांताबाई शेळके यांची लावणी आहे. ती त्यांनी आपल्याकडे न ठेवता आशाबाईंना दिली. ठसका कोणाच्या गळ्यात आहे हे थोरल्या बहिणीने अचूक ओळखले!

येत्या हळदीकुंकवाला आपण गाण्याच्या भेंड्या लावूच. या खेपेस एक नियम वाढवावा, असे मी सुचवते. गाणे म्हणणारीने चाल कोणाची हेही सांगितले, तर तिच्या बाजूला एक गुण जादा द्यावा.