चमचा, पीळ आणि पुडीचा दोरा

मासे पकडणाऱ्याचा खरा वैरी मासा नव्हे, दोरा. मासा एकदा सुटला की सुटला. उलट घरी येऊन दोन्ही हात पसरून त्याची लांबी वाढवता येते. दोऱ्याचा गुंता मात्र असेल तसाच घरी आणावा लागतो. आणि गुंता करण्यात चमच्याचा हात कोणी धरणार नाही.

चमचा म्हटल्यावर आमच्या बँकेतली काही मंडळी दचकतील, म्हणून आधीच खुलासा करतो. हा चमचा धातूचा असतो, त्याला गळ लावलेला असतो आणि तो माशांना खूष करतो, साहेबांना नव्हे.

अमेरिकेत व्हर्मांट राज्यात बोमोसीन नावाचं तळं आहे. तिथे ज्युलिओ ब्यूएल होडीत बसून जेवत असताना त्याचा चमचा पाण्यात पडला, चकाकत, हेलकावे खात खाली गेला आणि एका मोठ्या माशाने तो गट्ट केला, अशी आख्यायिका आहे. आमच्या घरचा चमचा पडला असता तर घरी बोलणी बसून विषय संपला असता. ब्यूएलने १८५२ साली पेटंट घेतलं.

पण चमचा ओढला की गरगरतो आणि त्याच्यामागे दोऱ्यालाही पीळ बसतो. त्यातून या कुळातला जो जड चमचा होडीखाली सरळ सोडून वरखाली नाचवतात, म्हणजे जिगिंगचा, तो फारच द्वाड. मासा बहुधा त्याला खाली पडताना धरतो. आणि नेमका तेव्हाच सैल पडलेला दोरा गळाच्या तीन आकड्यांत जाऊन बसतो. दोरा ताणून धरावा तर चमचा डुलत नाही, आणि न डुलणाऱ्या चमच्याकडे मासा बघत नाही. उपाय ज्याने संक्रांतीला पतंग उडवला आहे त्याला सांगायला नको : ढील द्यायची, पण दोरा हातचा जाऊ द्यायचा नाही. चमच्याला झटका देऊन वर न्यायचं आणि मग त्याच्यामागोमाग काठीचं टोक खाली आणायचं. शिवाय चमच्याच्या वर दोऱ्यात एक फिरती कडी घालायची, म्हणजे चमच्याने कितीही गिरक्या घेतल्या तरी पीळ बराचसा तिथेच अडतो.

एवढं करून भागलं असतं तर इतिहास घडलाच नसता. खुद्द रीळही पीळ घालतं! स्कॉटलंडमध्ये पर्थच्या पीटर मॅलॉकने १८८४ साली एक रीळ काढलं. गळ फेकताना ते आडवं वळवायचं, म्हणजे दोरा त्याच्या तोंडावरून भराभर सुटायचा. गुंडाळताना पुन्हा सरळ करायचं. कल्पना झकास, पण सुटताना प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याला एक पीळ बसे आणि गुंडाळताना तो उलगडत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपली असली, तरी अनुभव पर्थचा होता.

तोड काढली ती ब्रॅडफर्डच्या लोकरधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने, १९०५ साली. रीळ जागचं हलवायचंच नाही, दोराच त्याच्याभोवती गुंडाळायचा. जाताना पडलेला पीळ येताना निघतो. जन्मभर सूतगिरणीत चात्या बघणाऱ्यालाच हे सुचायचं. (त्यातही मेख आहे. मासा दोरा ओढून नेत असताना घाईघाईने मूठ फिरवत बसलात, तर दोरा येत नाही, नुसता पीळ वाढतो. साहेब तावात असताना फाइल पुढे करू नये, तसंच हे.)

अमेरिकेत मात्र बरीच वर्षं फिरती रिळंच जास्त चालत. त्यात गळ पाण्यात पोचून थांबला तरी रीळ फिरतच राही, आणि मग दोऱ्याचं घरटं. टेक्सासच्या आर. डी. हल नावाच्या घड्याळजीला याचा वैताग होता. एकदा किराणा दुकानात त्याने पुडकं बांधताना पाहिलं. दोऱ्याचं मोठं रीळ स्थिर, आणि दोरा तोंडावरून सरसर निघतोय. पूर्वी आपल्या वाण्याकडेही असंच रीळ असे. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि ते गेलं. वाणी एका हाताने दोरा ओढी, दोन वेढे देऊन तटकन तोडी आणि तोंडाने मागच्या महिन्याची उधारी सांगत असे. आम्ही हजारदा पाहिलं. आमचं लक्ष उधारीकडे.

हल १९४७ साली आपला नमुना घेऊन गेला तो टल्सा शहरातल्या झीरो अवर बाँब कंपनीकडे. ही कंपनी तेलविहिरींसाठी घड्याळी स्फोटकं करायची. १९४९ साली तिने हलचं झाकणबंद रीळ बाजारात आणलं. पुढे नावातला बाँब संक्षेपात दडवून ती झेबको झाली, आणि ती रिळं पोरासोरांच्या हातात गेली.

मी कारकून असल्यामुळे या हकीगतीत माझी नजर भलत्याच माणसावर खिळते. मॅलॉकचं नाव राहिलं, इलिंगवर्थचं राहिलं, हलचं राहिलं. तो पुडकं बांधणारा कोण? मी वाचलेल्या हकीगतीत त्याचं नाव येत नाही. तो बापडा रोज शेकडो पुडकी बांधत असेल, एकदाही गुंता न करता, आणि त्या दिवशी हल टक लावून बघतोय हे पाहून त्याने विचारलं असेल ते एवढंच, "आणखी काही हवंय का?"