पालार नदी आणि चामड्याचा हिशेब

धंद्यांचे इतिहास लिहिताना माल किती निघाला आणि द्रव्य किती मिळाले, एवढेच पाहण्याची आपणांस सवय लागली आहे. त्या धंद्याने पाणी कोणाचे घेतले, हा प्रश्न जमाखर्चाच्या वहीत येत नाही. निदान चामड्याच्या धंद्याविषयी तरी तो टाळता येण्यासारखा नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या समाजाने या धंद्याची परीक्षा शतकानुशतके केवळ नाकाने केली. दुर्गंधी येते म्हणून कातडी कमावणाऱ्यास गावाबाहेर ठेवले, त्याचा स्पर्श वर्ज्य मानला. त्याने कमावलेल्या मोटा आणि वहाणा मात्र निःसंकोच वापरल्या. वस्तुतः त्या जुन्या धंद्याने होणारी हानी बेताचीच होती. चुना, तरवडाची किंवा बाभळीची साल आणि हिरडे ही त्याची सामग्री. कातडे कुंडात आठवडेच्या आठवडे मुरत पडे, आणि काम हाताने होई तेवढेच.

१८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि आठवड्यांचे काम थोड्या अवधीत उरकू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन याने ही कृती मद्रासेत रुजविण्याचा उद्योग केला. तथापि पुढेही कित्येक दशके तमिळ प्रांतातून विलायतेस जाई ते मुख्यतः सालीने कमावलेले, अर्धवट तयार कातडे. १९७३ च्या सुमारास सरकारने अशा कातड्याच्या निर्यातीस आळा घातला. देशातच पक्का माल व्हावा हा हेतू रास्तच होता. परंतु त्यामुळे चामडे परदेशी गेले आणि सांडपाणी घरी राहिले.

ते राहिले कोठे? वाणियंबाडी, अंबूर, राणीपेट ही गावे ज्या पालार नदीच्या खोऱ्यात आहेत, तिच्या नावाचा अर्थच दुधाची नदी असा आहे. ही नदी वर्षातील बहुतेक काळ कोरडी दिसते. तिचे पाणी वाळूखाली असते आणि विहिरी त्यावर जगतात. वाहून नेण्यास प्रवाह नाही, म्हणून जे ओतले ते मुरले. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात याचे मोजमाप आढळते : तमिळनाडूच्या पाच जिल्ह्यांत ९०० हून अधिक कारखाने, एक किलो चामड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी, आणि सुमारे ३५,००० हेक्टर जमीन अंशतः वा पूर्णतः नापीक. दिंडिगलकडील १३ गावांत पाहणी झाली, तेव्हा ४६७ विहिरींपैकी ३५० बिघडलेल्या निघाल्या. ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व या निकालाने आपल्या कायद्यात दृढ केले.

दोष बहुधा क्रोमियमला दिला जातो, आणि तो निराधार नाही. परंतु क्रोमियम चुन्याने गाळात बसविता येते. खरा चिवट शत्रू घरोघरचे मीठ होय. कच्चे कातडे कुजू नये म्हणून त्यास मीठ चोळतात. ते धुतले की मीठ पाण्यात उतरते, आणि तेथून ते काढणे अतिशय खर्चाचे असते. या मिठास दुर्गंधी नाही. नाकाने परीक्षा करणाऱ्या समाजास ते कळलेच नाही. कळले ते शेतकऱ्यास, विहिरीचे पाणी मचूळ झाल्यावर.

शुद्धीकरणाची सामाईक केंद्रे निघाली खरी. पण ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेट येथे अशाच एका केंद्रातील गाळाच्या टाकीची भिंत फुटून १० माणसे मृत्युमुखी पडली. २०२५ साली न्यायालयास पालारच्या दैन्याकडे पुन्हा वळावे लागले.

चामडे टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. लाखो कुटुंबांची भाकरी त्यावर आहे. मात्र जोड्याच्या किमतीत विहिरीची किंमत धरली गेलीच पाहिजे. पूर्वी आपण माल घेतला आणि कलंक कारागिराच्या माथी मारला. आज माल घेऊन मीठ शेतकऱ्याच्या विहिरीत टाकतो. अन्यायाची जागा बदलली, रीत तीच राहिली.