जीयूआय बिल्डर निवडताना काय पाहावं?

विंडोवर बटण ओढून आणायचं, त्यावर डबल-क्लिक करून कोड लिहायचा. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं आणि ही पद्धत प्रोग्रॅमर मंडळींच्या अंगवळणी पडली. अशा साधनांना जीयूआय बिल्डर म्हणतात. डेमोमध्ये सगळीच छान दिसतात! पण निवडण्याआधी एक प्रश्न विचारा: तुम्ही मांडलेला फॉर्म हे साधन कशात साठवतं?

क्यूटी डिझायनर फॉर्म डॉट-यूआय फाइलमध्ये ठेवतं. ही साधी एक्सएमएल फाइल. तीच सी++ मध्ये चालते, पायथनमध्येही. पायथनमध्ये ती प्रोग्रॅम चालू असताना थेट लोड करता येते किंवा तिच्यापासून कोड तयार करून घेता येतो. कोड तयार केलात तर त्या फाइलला हात लावू नका. उद्या फॉर्ममध्ये एक बटण वाढवून पुन्हा कोड तयार केला की तुम्ही तिथे लिहिलेलं सगळं पुसलं जाईल. आपला कोड कायम वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा.

जावासाठी असलेलं नेटबीन्स वेगळं वागतं. तयार झालेला कोड तुमच्याच क्लासमध्ये बसतो, पण राखाडी पट्ट्यात. एडिटर तिथे टाइप करू देत नाही. फॉर्मची मांडणी सोबतच्या डॉट-फॉर्म फाइलमध्ये असते, म्हणजे पुढे माउसने बदल करायचे तर पुन्हा नेटबीन्सच उघडावं लागतं. टीममधला एखादा दुसरा एडिटर वापरत असेल तर हे आधीच बोलून घ्या.

दुसरी गोष्ट लेआउटची, आणि मराठीत काम करणाऱ्यांना ती जास्त नडते. बटण नुसतं ओढून टाकलं की ते ठरावीक पिक्सेलवर चिकटतं. ‘ओके’साठी बेतलेल्या बटणात ‘बदल जतन करा’ मावत नाही. लेबलची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवली असेल तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. म्हणून साधन हातात घेतल्यावर पहिली चाचणी ही करा: दोन-तीन लेबलं मराठीत लिहा, फॉन्ट मोठा करा आणि विंडो ताणून बघा. क्यूटी डिझायनरमध्ये फॉर्मला लेआउट लावलं की नियंत्रणं आपोआप जागा करून घेतात. न लावल्यास तिथेही हीच गत.

लायसन्सही बघून घ्या. पायथनमधून क्यूटी वापरायचं तर पायक्यूटी जीपीएल किंवा विकतच्या परवान्यावर मिळतं. पायसाइडला एलजीपीएलचाही पर्याय आहे. सोर्स खुला न करता सॉफ्टवेअर विकायचं असेल तर हा फरक खिशाला जाणवतो.

पास्कल येत असेल तर लझारस जरूर वापरून पाहा. मोफत आहे आणि एकच प्रोजेक्ट विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींसाठी कंपाइल करता येतो. जीटीकेवाल्यांसाठी मात्र सूचना: जुन्या लेखांत सुचवलेलं ग्लेड जीटीके ४ साठी चालत नाही, त्यासाठी कॅम्बलाश घ्या.