शल्यगृहापासूनचे अंतर : सातपाटीचा किनारा आणि हर्नियाची शस्त्रक्रिया

पोटाच्या स्नायूंची भिंत एखाद्या जागी कमकुवत होऊन आतडे किंवा त्यावरील चरबीचा पडदा त्या वाटेने बाहेर येऊ लागला, म्हणजे त्यास हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. पुरुषांत तो बहुधा जांघेत होतो, आडवे पडल्यावर आत जातो, खोकताना किंवा ओझे उचलताना पुन्हा दिसतो, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे फारसा त्रास न देता तसाच राहतो. खरा धोका असतो तो बाहेर आलेले आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर आतडे कुजते आणि रोगी दगावू शकतो. या व्याधीचा इतिहास सहसा शल्यतंत्राच्या प्रगतीचा म्हणून सांगितला जातो; परंतु पालघर तालुक्यातील सातपाटीसारख्या मच्छीमार गावाकडून पाहिल्यास तो रोगी आणि शल्यगृह यांच्यातील अंतराचा इतिहास ठरतो, आणि परदेशात वृद्धापकाळ काढणाऱ्या मराठी माणसापुढचा आजचा पेचही त्याच अंतरातून निर्माण झालेला दिसतो.

पालघर स्थानकाच्या पश्चिमेस, खाडीच्या मुखाशी वसलेले सातपाटी पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. मांगेला, वैती आणि कोळी समाजांच्या या किनारपट्टीवर पापलेट प्रामुख्याने दालद्याने, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे तरंगणारे व माशाला कल्ल्यांपाशी अडकवणारे जाळे लावून, धरले जाते. सातपाटीच्या मचव्याची बांधणी इतकी नावाजलेली होती की देशी नौकांचे वर्णन करणाऱ्यांनी तिची स्वतंत्र प्रकार म्हणून नोंद घेतली. या मचव्यावरचे काम म्हणजे शीड चढवणे, वारा पडला की वल्ही मारणे, भिजून जड झालेले जाळे हातांनी ओढून घेणे आणि किनाऱ्याला लागल्यावर मासळीच्या टोपल्या वाहणे. जड कामामुळेच हर्निया होतो असे आजचे वैद्यक ठामपणे म्हणत नाही, कारण जन्मजात कच्ची जागा, वाढते वय, जुनाट खोकला आणि शौचाच्या वेळी कुंथणे यांचाही त्यात वाटा असतो; तथापि कच्च्या जागेवर असे काम रोज ताण आणते, आणि ज्याची रोजी ओढण्या-उचलण्यावर चालते त्याला हा आजार लवकर जाणवतो, हे मान्य करावे लागते.

श्रमाशी असलेला हा संबंध प्राचीनांनीही ओळखला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे, म्हणजे वृषणाच्या बाजूस येणाऱ्या सुजेचे, सात प्रकार दिले असून त्यांतील अंत्रवृद्धी हर्नियाशी जुळते. तिच्या कारणांत ओझे वाहणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे आणि झाडावरून पडणे यांचा उल्लेख आहे. चिकित्सास्थानात, जांघेपर्यंतच आलेल्या अंत्रवृद्धीला अर्धचंद्राकृती तोंडाच्या शलाकेने डाग द्यावा, परंतु वृषणकोशात उतरलेली अंत्रवृद्धी वर्ज्य समजावी, असे सांगितले आहे. केव्हा हात घालावा आणि केव्हा घालू नये हा प्रश्न उपायाइतकाच जुना आहे, एवढे यातून निश्चितपणे दिसते.

बधिरीकरण आणि जंतुविरोधी शस्त्रक्रिया या एकोणिसाव्या शतकातील दोन सुधारणांनंतरच हा प्रश्न नव्याने उभा राहिला. इटलीतील पादुआ येथे एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८७ मध्ये जांघेची भिंत थराथराने शिवून बळकट करण्याची पद्धत मांडली आणि पुढे अनेक दशके तीच प्रमाण मानली गेली. मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ पासून होते आणि मुंबई-बडोदे लोहमार्ग १८६० च्या दशकात पालघरवरून गेला होता. म्हणजे सातपाटीच्या रहिवाशाला शल्यवैद्य कागदावर तरी गाठता येण्याजोगा होता. पण स्थानकापर्यंतची वाट, गाडी, मुंबईतील मुक्काम आणि त्यानंतरची दीर्घ विश्रांती, जिच्या काळात घरात मासळी येणार नाही, हे सारे हिशेबात घेतले तर कमरेला हर्नियाचा पट्टा बांधून समुद्रावर जात राहणे हा अडाणीपणा नव्हता, तर परिस्थितीने लादलेला व्यवहार होता. पट्टा फुगवटा दाबून धरतो. तो आजार बरा करीत नाही आणि आतडे अडकण्याचा धोकाही टाळत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सहकारी संस्थांच्या आधाराने नौकांवर इंजिने आली आणि मालाबरोबर बर्फ नेता येऊ लागल्यामुळे फेऱ्या लांबल्या. यात एक विसंगती आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही : इंजिनाने वल्ह्याचा भार हलका केला, पण खलाशी किनाऱ्यापासून अधिक दूर आणि अधिक काळ राहू लागला. याच काळात जमिनीवरचे अंतर मात्र घटत होते. १९६९ मध्ये तारापूर अणुऊर्जा केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहतीने बोईसरचे शहर केले, आणि २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली. समुद्राच्या बाजूने तशी सोय झाली नाही. सातपाटीच्या खाडीत साचलेल्या गाळामुळे नौकांना आत येण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते, आणि आतडे अडकलेल्या खलाशाचे तास भरतीसाठी थांबत नाहीत. व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या वैद्यकीय तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे याच विचारावर उभी आहेत : हर्निया शल्यदृष्ट्या तपासून गुंतागुंतीची शक्यता नाही अशी खात्री होईपर्यंत, आणि गरज असल्यास त्यावर उपचार होईपर्यंत, खलाशी तात्पुरता अपात्र समजावा.

शस्त्रक्रियेचे रूप दुसऱ्यांदा बदलले ते जाळीमुळे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी शल्यवैद्य फ्रान्सिस अशर यांनी कृत्रिम धाग्याची जाळी वापरात आणली, आणि १९८० च्या दशकात अर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी कडा ताणून शिवण्याऐवजी जाळीचे ठिगळ ठेवून ताण टाळण्याची पद्धत रूढ केली. सुती आणि सणाच्या जाळ्यांना हटवून कृत्रिम धागा सागरी मासेमारीत शिरला तोही साधारण याच पिढीत, ही संगती सातपाटीच्या वाचकाला मौजेची वाटेल. जाळी परिणामकारक होती, पण महाग होती. यावरचा महाराष्ट्रातील उपाय धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथून आला : तेथील ग्रामीण शल्यवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड जाळी म्हणून वापरले आणि २००३ मध्ये त्याचे अनेक केंद्रांतील निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रारंभी ही कल्पना अनेकांना हास्यास्पद वाटली असेल. परंतु २०१६ मध्ये युगांडातील ३०२ पुरुषांवरील चाचणीत अशी स्वस्त जाळी आणि व्यापारी जाळी यांच्यात एका वर्षाअखेर हर्निया पुन्हा उद्भवण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. अंतराचा एक भाग पैशाचाही असतो, आणि तो दोंडाईच्याने कमी केला.

थांबण्याच्या पर्यायाचे शास्त्रीय मोजमाप मात्र उशिरा झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली गेली आणि काहींना फक्त निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. निरीक्षणाखालील गटात आतडे अडकण्याचे प्रमाण वर्षाला दर हजारी दोनांहूनही कमी निघाले. याचा अर्थ थांबणे सुरक्षित आहे असा होतो, पण शस्त्रक्रिया टळते असा होत नाही : दहा वर्षांत निरीक्षण गटातील अंदाजे ६८ टक्के, आणि ६५ वर्षांवरील पुरुषांपैकी ७९ टक्के, मुख्यतः वेदनेमुळे शस्त्रक्रियेकडे वळले. स्वीडनच्या नोंदींनुसार नियोजित शस्त्रक्रियेने मृत्यूचा धोका सामान्य लोकसंख्येच्या तुलनेत वाढत नाही, तर तातडीच्या शस्त्रक्रियेने तो कैक पटींनी वाढतो. या आकड्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : निरीक्षणाखालील माणूस रुग्णालयाच्या आवाक्यात राहतो.

परदेशस्थ वृद्धाचा पेच येथेच सुरू होतो. अमेरिकेची मेडिकेअर योजना सहसा देशाबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. भारतातील आरोग्यविम्यात हर्नियासाठी बहुधा प्रतीक्षाकाळ असतो. आणि मायदेशी येऊन शस्त्रक्रिया करायची तर त्यानंतरची देखभाल, परतीचा प्रवास आणि हृदयविकार किंवा मधुमेह यांवरील औषधे यांची जुळणी आधी करावी लागते. फारसा त्रास न देणारा, सहज आत जाणारा हर्निया असेल आणि रुग्णालय जवळ असेल तर वृद्धाने थांबण्यात गैर नाही. पण ज्याला वर्षातील काही महिने दूरच्या गावी, समुद्रावर किंवा विमाछत्राबाहेर काढावे लागतात, त्याने प्रकृती ठीक असतानाच ठरवून शस्त्रक्रिया करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. सातपाटीच्या खलाशासाठी ही वेळ १ जूनपासूनच्या पावसाळी मासेमारीबंदीत आपोआपच सापडते. दोघांनाही एक सूचना मात्र सारखीच लागू आहे : फुगवटा अचानक कडक व दुखरा झाला, आडवे पडूनही आत जाईना आणि उलट्या होऊ लागल्या, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.