कऱ्हाडचा लोहव्यापारी खाडीकाठी

कुंडलहून जंजिऱ्याला निघालेली मंडळी कऱ्हाडमार्गे कुंभार्ली घाट उतरतात. मांदाडला चहासाठी थांबतात, पण जवळच्या कुडा लेण्यांकडे फारसे कुणी वळत नाही. भर पावसात तर नाहीच.

राजपुरी खाडीकाठच्या डोंगरातली ही २६ बौद्ध लेणी. त्यांतल्या एका ब्राह्मी लेखातला दाता आहे 'करहाकड'चा, म्हणजे कऱ्हाडचा, लोखंडाचा व्यापारी! कुंडलच्या शेजारचा हा माणूस सुमारे १८०० वर्षांपूर्वी घाट उतरून एवढ्या लांब दान का देतो?

उत्तर बहुधा मांदाड बंदरात आहे. टॉलेमीचे 'मंदगोर' ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांची ये-जा थांबे. नेमक्या त्याच महिन्यांत भिक्खूही वर्षावासासाठी एका जागी राहत. कोरडी खोली, निजायला दगडी ओटा, पाण्याचे टाके: बंदरावरच्या मुक्कामाची किंमत व्यापाऱ्याला वेगळी सांगावी लागत नसणार.

येथे महाभोजाच्या पदरच्या लेखकाचेही दान आहे, एका माळ्याचेही. राजघराण्यांच्या वंशावळीत रमणाऱ्यांनी हे दाते एकदा मोजून पाहावेत.

लेण्यांतून खाडी समोरच दिसते. जाताना विजेरी मात्र न्या. पावसाळी उजेडात अक्षरे लागत नाहीत.