दोन फ्रेमच्या मधली यात्रा

मंडळी, चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर काय दिसतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. गुलाल, सासनकाठ्या, माणसांचा पूर. आजचा प्रश्न त्या यात्रेच्या जुन्या चित्रणाचा आहे. ते धक्के खात हलतं म्हणून आपण संगणकाकडून गुळगुळीत करून घेतलं, तर त्याला पुरावा म्हणायचं का?

थोडं मागे जाऊ. आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. पुढे बाबुरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं ते काम पुरं केलं. १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचं. हात जसा चालेल तसा वेग; सेकंदाला सोळा, अठरा, कधी वीस फ्रेम. पुढे आवाज आला. वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते, त्यामुळे चोवीस फ्रेमचा नेम ठरला. कोल्हापुरातच तयार झालेला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा त्या बोलपटाच्या युगातला.

घरगुती कॅमेरे मात्र कमी वेगाचेच राहिले. १९६५ साली आलेल्या सुपर ८ फिल्मचा नेहमीचा वेग अठरा फ्रेम. समजा, कुणाच्या कपाटातून यात्रेचं असं एक रीळ निघालं. अठराचे चोवीस कसे करणार? जुनी रीत अशी, की दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवायची. अठरा खऱ्या, सहा पुनरावृत्त. किंचित धक्का जाणवतो, पण खोटं काही नसतं. आता सॉफ्टवेअरची रीत पाहा. चोवीस फ्रेम समान अंतरावर बसवायच्या, तर मूळ फ्रेमशी जुळणाऱ्या सेकंदाला फक्त सहा. उरलेल्या अठरा अंदाजानं काढलेल्या! म्हणजे तीन चतुर्थांश यात्रा संगणकाची.

हा अंदाज चुकतो कुठे? १९८१ साली हॉर्न आणि शुंक यांनी मांडलेल्या पद्धतीचं गृहीतक साधं होतं: एखादा बिंदू सरकला तरी त्याचा उजेड तोच राहतो. आजची शिकवलेली मॉडेल्स त्याच्या खूप पुढे गेलीत, पण 'हा बिंदू पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेला?' हा प्रश्न सुटलेला नाही. गुलाल तिथंच फसवतो. ढग पसरतो, विरतो, त्यातून मागचं शिखर अर्धवट दिसतं. एका जागी दोन हालचाली. मग गुलालाबरोबर शिखरही लाटेसारखं डोलतं. सासनकाठी बारीक आणि वेगात झुकणारी. ती मधल्या फ्रेममध्ये दुभंगते किंवा वाकते. गर्दीत एक माणूस दुसऱ्याआड गेला की कडेला थरथरतं वलय उमटतं.

हे कमी करता येतं, पण क्रम पाळावा लागतो. आधी मूळ वेग ठरवा. माणसांची चाल पाहून अंदाज येतो. व्हिडिओ करताना घुसलेल्या दुबार फ्रेम काढा, नाहीतर चित्र थांबत-थांबत पळतं. ओरखडे आणि लुकलुक आधी साफ करा. नंतर केलं तर ओरखडाच हालचाल समजून पसरवला जातो. प्रत्येक कट वेगळा काढा, नाहीतर एका दृश्यातला चेहरा पुढच्या दृश्यात वितळतो. चोवीसचा हट्टही नको. छत्तीस केले तर अठराच्या अठरा मूळ फ्रेम शाबूत राहतात आणि प्रत्येक दोहोंमध्ये एकच नवी येते. गुलालाची उधळण असेल तिथं ती नवी फ्रेम टाकून मूळचीच दोनदा दाखवा. थोडा धक्का परवडला.

पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली पहिल्या महायुद्धाच्या चित्रणावर असंच काम केलं. प्रेक्षक हेलावले. पण मूळ फिती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत. शंका आली तर ताडून पाहता येतं. घरातल्या रिळाला तो आधार नसतो. स्कॅन झालं की रीळ फेकलं जातं, आणि गुळगुळीत प्रतच मोबाईलवरून फिरत राहते. उद्या कुणी त्यावरून सासनकाठ्या मोजेल, काठी नाचवायची पद्धत अभ्यासेल. त्याला दुभंगलेली काठी दोन दिसली तर?

म्हणून एवढंच करा. मूळ स्कॅन जसाच्या तसा ठेवा, रीळही जपा. गुळगुळीत प्रत वेगळी ठेवून तिच्या सुरुवातीलाच लिहा: मूळ वेग किती, नव्या फ्रेम किती. डोळ्यांना सुख द्यायला हरकत नाही. पण खरं कुठलं आणि काढलेलं कुठलं, हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.