महानदीचा विसरलेला जलमार्ग

नवा रायपूरहून पूर्वेकडे निघालेला प्रवासी आरंग ओलांडून महानदीच्या पुलावर येतो. उन्हाळा असेल तर खाली वाळूचे विस्तीर्ण पात्र आणि त्यात एक क्षीण धार एवढेच त्याच्या दृष्टीस पडते. ओरिसाच्या किनाऱ्याकडून निघालेल्या नावा एके काळी येथवर चढून येत, असे कोणी सांगितले तर ते त्याला सहसा खरे वाटणार नाही.

तथापि ती वस्तुस्थिती होती. नदीच्या मुखापासून आरंगपर्यंत, म्हणजे संबलपूरच्याही वर सुमारे १२० मैल, नावा येऊ शकत. हा मार्ग बारमाही नव्हता. पावसाळ्याचे पाणी भरले की तो जुलैत खुला होई आणि फेब्रुवारीच्या सुमारास बंद पडे. वाटेत खडक व खळाळ पुष्कळ. तेथे नावाड्याचे कसब हाच काय तो आधार. खाली जाताना मुलुखातील पीक जाई, येताना मीठ व कापड येई. समुद्रापासून इतक्या दूरच्या प्रदेशात मिठाचे मोल काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

या मार्गाचा मराठी इतिहासाशीही संबंध आहे. १७५१ मध्ये ओरिसा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. नदीचा वरचा मुलूख आणि तिचे मुख असे दोन्ही एकाच घराण्याच्या हाती आले. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक गेले व ही जोड तुटली. राज्याची सीमा आडवी आली, तरी नावा थांबल्या नाहीत.

त्या थांबल्या त्या सुधारणेच्या काळात. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६३ मध्ये महानदीवर एक अहवाल सादर केला. नौकानयन आणि सिंचन या दोहोंची सुधारणा हा त्याचा विषय. परंतु त्याच दशकात कटकजवळ कालव्यांसाठी बंधारे घालण्याचे काम निघाले, आणि समुद्रापासून वरपर्यंतची सलग वाट त्या बंधाऱ्यांनी अडविली. पुढे १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल मार्गावर मालगाड्या धावू लागल्या. १८९३ मध्ये संबलपूरलाही फाटा पोहोचला, आणि तेथून कटकेस होणारा नावांचा व्यापार जवळजवळ संपला. नदीवर उरले ते मुख्यतः लाकडाचे तराफे. १९५७ मध्ये हिराकूडचे धरण पुरे झाले, तेव्हा तर नदीच्या वाटेत भिंतच उभी राहिली.

यात दोष कोणाचा? आगगाडी बारा महिने चालते, ती खडकावर फुटत नाही. शेतकऱ्याला कालव्याचे पाणी हवेच होते. व्यापाऱ्याने नाव सोडून गाडी धरली, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. मात्र त्या खळाळांतून नाव काढण्याची, पाण्याचा रंग पाहून खोली ओळखण्याची जी विद्या केवटांच्या पिढ्यांनी जतन केली होती, तिला दुसरे गिऱ्हाईक मिळाले नाही. गाडीचे वेळापत्रक छापले गेले. ही विद्या कोणी लिहून ठेवावी, असे फारसे कोणास वाटले नाही.

२०१६ च्या कायद्याने महानदी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६४ ठरली. पण तो जलमार्ग संबलपूरपासून खाली पारादीपपर्यंतचाच आहे. आरंगचा घाट त्या कायद्याच्याही बाहेर राहिला.